शिष्यवृत्ती : मेहरबानी नव्हे, हक्क



मुलाला कॉलेजात घालायचे म्हटले की घरात पहिला प्रश्न पैशांचा निघतो. शिष्यवृत्तीचे नाव काढले तर काही पालक संकोचतात. "आपण आता बौद्ध झालो. सरकारपुढे हात कशाला पसरायचा?" असे म्हणतात. या शंकेचे निरसन आजच्या पाठात करू.

१. उपकार आणि हक्क

बाबासाहेब बी. ए. झाले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या दरमहा २५ रुपयांच्या मदतीवर. १९१३ साली ते अमेरिकेला गेले तेही बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर. तिची मुदत संपताच १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. राजा उदार होता. पण राजाच्या मर्जीवर साऱ्या समाजाचे शिक्षण होत नाही. पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा, असा आग्रह त्यांनी तेथे धरला. १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. एकाला मिळालेला आधार असा सर्वांचा हक्क झाला.

२. धर्मांतर आणि सवलती

१९५६ च्या धर्मांतरानंतर आपल्या सवलती गेल्या. महाराष्ट्र सरकारने १९६० साली त्या राज्यापुरत्या परत दिल्या. केंद्राने मात्र १९९० साली कायदा दुरुस्त केला, म्हणजे तब्बल ३४ वर्षांनी.

"जात सोडली, मग दाखल्यावर ती कशाला?" असे कोणी विचारतील. दाखल्यावरची जात ही आपली ओळख नव्हे. पूर्वजांवर झालेल्या अन्यायाची ती नोंद आहे. नुसते "बौद्ध" किंवा "नवबौद्ध" लिहिलेला दाखला केंद्राच्या कामी चालत नाही. मूळ जातीचा उल्लेख त्यावर हवाच.

३. काय मिळते?

पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असेल तर फी आणि निर्वाहभत्ता मिळतो. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर महाराष्ट्रात फ्रीशिपखाली फी माफ होते. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या गरीब मुलांसाठी बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे.

४. काय करावे?

(अ) जातीचा दाखला आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला निकालाची वाट न पाहता आधीच काढून ठेवा.
(आ) मुलाचे बँकखाते आधारशी जोडा. अर्ज महाडीबीटीवर मुदतीत भरा.
(इ) दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज विसरू नका. पुष्कळांची शिष्यवृत्ती येथेच तुटते.
(ई) प्रवेशाच्या वेळी कॉलेजने पूर्ण फी मागितली तर मुलाला घरी बसवू नका. पात्र विद्यार्थ्याकडून ती घेऊ नये, असा शासनाचा आदेश आहे. समाजकल्याण कार्यालयात लेखी तक्रार द्या.
(उ) खात्यावर आलेल्या रकमेत कॉलेजच्या फीचाही भाग असतो. तो आधी कॉलेजात भरा. हा पैसा लग्नकार्यात किंवा जुने कर्ज फेडण्यात गेला, तर मुलाची परीक्षा अडते.

ज्या घरातला पहिला मुलगा किंवा मुलगी पदवीधर होईल, त्या घराने शेजारच्या दोन मुलांचे अर्ज भरून द्यावेत. अमुक पैशांचे दान करण्याइतकेच हेही मोठे दान आहे.

स्वाध्याय : तुमच्या वस्तीत यंदा बारावी झालेली मुले-मुली किती? त्यांपैकी दाखले कोणाकडे नाहीत? येत्या रविवारी विहारात यादी करा.

जयभीम!