नव्या सागवानाला जुनेपण : दर ठरवताना काय विचाराल?

परतवाड्याहून सागवान आणून कपाट केलं आणि त्याला वाड्यातल्या जुन्या लाकडाचा काळपट, झिजलेला रंग हवा असेल, तर पैसा मालापेक्षा मजुरीत जास्त जातो. दर्यापुरात मिस्त्रीशी बोलताना हे आधी धरून चाला.

रंगाचा माल अगदी स्वस्त. गंजके खिळे पांढऱ्या व्हिनेगरमध्ये आठवडाभर भिजवायचे. झाकण सैल ठेवा, आत वायू तयार होतो. हे पाणी लाकडातल्या टॅनिनशी मिळून काळसर छटा देतं. आंब्यासारख्या लाकडात टॅनिन कमी, म्हणून त्याला आधी कडक कोऱ्या चहाचा किंवा बाभळीच्या सालीच्या काढ्याचा हात द्यावा लागतो. सनमायकावर यातलं काहीच चालत नाही.

खरं काम तारेच्या ब्रशचं. रेषांच्या दिशेने घासून लाकडाचा मऊ भाग काढायचा, आणि हात लागतो त्याच कडा झिजवायच्या. सगळीकडे सारखी झीज केली की नकलीपणा लगेच दिसतो. याचे एक-दोन रोज धरा. रोज साधारण 800 ते 1,000 रुपये.

पॉलिश चौरस फुटावर ठरतं, आणि घोळ मापातच होतो. 4 फूट उंच, 3 फूट रुंद, दीड फूट खोल कपाटाच्या दर्शनी, दोन्ही बाजू आणि माथा मिळून साडेअठ्ठावीस फूट भरतात. दारांची आतली बाजू धरली की साडेचाळीस. स्पिरिट पॉलिशला फुटामागे 60 रुपये सांगितले, तर 1,710 आणि 2,430 इतका फरक पडतो. आत मोजणार का, हे कागदावर घ्या.

लाखेचं स्पिरिट पॉलिश जुन्या लाकडाला सर्वांत शोभतं, असं माझं ठाम मत. पण गरम कप ठेवला की त्यावर पांढरा डाग पडतो. जेवणाच्या टेबलाला मॅट पीयू पॉलिश घ्या, खर्च दुपटीहून जास्त आला तरी. पावसाळ्यात स्पिरिट पॉलिश पांढुरकं होतं. दिवाळीनंतर काम काढा. जवसाचं तेल वापरलंत, तर त्याच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून, पसरून वाळवा.

आगाऊ रक्कम देण्याआधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर नमुना करून मागा. आणि तयार फर्निचर घेताना नवी वस्तू जुनी म्हणून कोणी गळ्यात मारली, तर बिल जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा.