दिल साफ, बांध सरळ

मंडळी, बांधावरून भांडण झाले नाही असे गाव सापडणे कठीण. आपला जालना जिल्हा कापूस, तूर, ज्वारीचा. जमीन हेच आपले पोट. म्हणून वीतभर मातीसाठी भाऊ भावाचे तोंड पाहत नाही. अशाच दोन भावांची ही गोष्ट. ती मी डोळ्यांनी पाहिली. त्यांची नावे मी सांगत नाही. नावाशी आपल्याला काम नाही.

दुधना नदीच्या काठच्या एका गावी मी शाळेवर होतो. तिथे दोघे सख्खे भाऊ होते. बाप वारला. शेताची वाटणी झाली. थोरला नांगर धरायचा आणि दर साली बांध थोडा थोडा कोरायचा. पाच वर्षांत चार तास जमीन त्याच्याकडे गेली. धाकट्याच्या ध्यानात आले. तो बोलला. शब्दाने शब्द वाढला. थोरल्याने चारचौघांत त्याला खोटा ठरवले. धाकट्याने कसम घेतली, "तुमच्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही!"

नऊ वर्षे दोघांचे बोलणे बंद. म्हातारी आई थोरल्याकडे राहायची. धाकट्याची पोरे दिसली की पदर डोळ्याला लावायची.

रमजानचा महिना सरला. ईद आली. दोघे भाऊ ईदगाहवर एकाच रांगेत उभे राहिले. नमाज झाली. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. दोघे भाऊही साऱ्या गावाला भेटले. फक्त एकमेकांना भेटले नाहीत. मौलवीसाहेबांनी ते पाहिले.

माफी कोणाकडे मागायची?

दुपारी मी थोरल्याच्या घरी शिरखुर्म्याला गेलो. मौलवीसाहेबही आले. त्यांनी सरळ विषय काढला.

थोरला म्हणाला, "मौलवीसाब, मी पाच वेळा नमाज पढतो. सगळे रोजे धरले. अल्लाजवळ रोज माफी मागतो. तो मोठा दयाळू आहे. मला माफ करीलच."

मौलवीसाहेब म्हणाले, "अल्ला दयाळू आहे, खरं आहे. पण बांध कोणाचा कोरला?"

"भावाचा."

"मग माफी आधी कोणाकडे मागायची?"

थोरला गप्प झाला. मौलवीसाहेब समजावून सांगू लागले. इस्लाममध्ये हक्क दोन प्रकारचे मानले आहेत. एक अल्लाचा हक्क, दुसरा बंद्यांचा, म्हणजे माणसांचा हक्क. नमाज चुकली, रोजा चुकला, तर तो अल्लाचा हक्क. त्याची माफी अल्लाजवळ मागावी. पण कोणाची जमीन दाबली, कोणाचे पैसे बुडवले, कोणाला चारचौघांत खोटे पाडले, तर तो माणसाचा हक्क. तो परत करावा लागतो आणि त्या माणसाचे मन वळवावे लागते.

पैगंबर महंमदांनी आपल्या सोबत्यांना एकदा विचारले, कंगाल कोणाला म्हणावे? ज्याच्याजवळ पैसा नाही, चीजवस्तू नाही, त्याला, असे ते म्हणाले. पैगंबरांनी वेगळाच कंगाल दाखवला. हा माणूस न्यायाच्या दिवशी नमाज, रोजा, जकात असे मोठे पुण्य घेऊन येतो. पण त्याने कोणाला शिवी दिलेली असते, कोणाचे धन खाल्लेले असते. मग ते लोक पुढे येतात. त्याचे पुण्य त्यांना वाटून दिले जाते. पुण्य संपले आणि देणे उरले, तर त्यांची पापे याच्या माथी पडतात. असा माणूस खरा कंगाल.

हे ऐकून थोरल्याच्या हातातला पेला तसाच राहिला.

मौलवीसाहेब आणखी म्हणाले, "शरीरात मांसाचा एक गोळा आहे. तो चांगला तर सारं शरीर चांगलं. तो बिघडला तर सारं बिघडलं. तो गोळा म्हणजे दिल. ही पैगंबरांची शिकवण आहे. कपडे आपण रोज धुतो. दिल कधी धुणार?"

कसम आणि माफी

मग आम्ही दोघे धाकट्याच्या घरी गेलो. तो म्हणाला, "माझी चूक काय? जमीन माझी गेली. इज्जतही माझीच गेली. मी का नमू? शिवाय मी कसम घेतली आहे."

मौलवीसाहेबांनी त्याला हजरत अबू बक्र यांची गोष्ट सांगितली. अबू बक्र हे पैगंबरांचे जवळचे सोबती आणि सासरे. त्यांची मुलगी हजरत आयेशा. काही लोकांनी आयेशांवर खोटा आळ घेतला. तो आळ पसरवणाऱ्यांत मिस्तह नावाचा एक गरीब नातेवाईक होता. त्याचा खर्च अबू बक्रच चालवीत. बापाच्या काळजाला किती लागले असेल! त्यांनी कसम घेतली, याला आता काही देणार नाही.

तेव्हा कुराणातली एक आयत उतरली. ती २४ व्या सूरेत आहे. तिचा आशय असा की, ज्यांना देवाने दिले आहे त्यांनी नातेवाइकांना आणि गरिबांना देणे बंद करण्याची कसम घेऊ नये. माफ करावे. अल्लाची माफी आपल्याला हवी असेल, तर आपणही माफ केले पाहिजे. अबू बक्रांनी ते ऐकले आणि मिस्तहचा खर्च पुन्हा सुरू केला.

धाकटा म्हणाला, "म्हणजे अन्याय सोसायचा?"

"नाही," मौलवीसाहेब म्हणाले. "जेवढं नुकसान झालं तेवढी भरपाई मागायला कुराण हरकत घेत नाही. त्याहून जास्त घेऊ नये. पण जो माफ करतो आणि समेट करतो, त्याचं फळ अल्ला देतो. हक्क माग. दिलात जहर ठेवू नकोस."

मग ते म्हणाले, "खुलताबादच्या उरुसाला जातोस ना? तिथे अमीर हसन सिजझी यांची कबर आहे. ते दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन औलियांचे शिष्य. गुरूंची बोलणी त्यांनी १३०८ ते १३२२ या काळात फारसीत लिहून ठेवली. त्यांत काट्याची गोष्ट आहे. एकाने आपल्या वाटेत काटे टाकले, म्हणून आपणही टाकले, तर सगळीकडे काटेच होतील. मग चालायचं कुठून?"

माफी ही कमजोरी नव्हे. मक्केच्या लोकांनी पैगंबरांना फार छळले होते. त्यांना ६२२ साली गाव सोडावे लागले. ६३० साली ते मोठी फौज घेऊन परत आले. सूड घ्यायचा तर हातात तलवार होती. पण त्यांनी बहुतेक सगळ्यांना माफ केले. ज्याच्या हातात ताकद आहे, त्याने माफ करणे ही खरी माफी.

दुसऱ्या दिवशी

दुसऱ्या दिवशी बासी ईद. सकाळीच थोरला शेतात गेला. हद्दीचे जुने दगड त्याने शोधून काढले. दगडापासून दगडापर्यंत सुतळी धरली. कुदळ घेऊन बांध मूळ जागी घालू लागला. पोरांनी धाकट्याला कळवले. तो आला आणि लांब उभा राहिला.

दोन मुसलमानांनी तीन दिवसांहून जास्त अबोला धरू नये, आणि जो आधी सलाम करतो तो अधिक चांगला, ही पैगंबरांची शिकवण थोरल्याला आता ठाऊक होती. त्याने कुदळ खाली ठेवली. आधी सलाम केला. मग म्हणाला, "तुझी माती मी खाल्ली. गावासमोर तुला खोटा पाडला. गावासमोरच माफी मागतो."

धाकट्याने थोडा वेळ उत्तर दिले नाही. नऊ वर्षे थोडी नव्हेत. मग सलामाला जबाब दिला. म्हणाला, "भाई, सरका. कुदळ इकडे द्या. तुमची कंबर दुखते."

दुपारी म्हातारी आई धाकट्याच्या घरी जेवली.

वाचकहो, कोर्ट जमीन परत देऊ शकते, भाऊ परत देऊ शकत नाही. आणि नुसते तोंडाने 'माफ कर' म्हटले, पण बांध तसाच ठेवला, तर ती माफी कसली? आधी बांध सरळ करावा. मग हात पुढे करावा. आणि समोरच्याने हात पुढे केला, तर तो धरावा. तुमचा धर्म कोणताही असो, बांध सर्वांचा सारखाच असतो.

शब्दांचे अर्थ
तास – नांगराची एक ओळ
बंदा – देवाचा सेवक, माणूस
आयत – कुराणातील वचन
सूरा – कुराणातील प्रकरण. कुराणात ११४ सूरा आहेत
जकात – गरिबांसाठी द्यायचा ठरलेला दानाचा भाग
बासी ईद – ईदचा दुसरा दिवस

सांगा पाहू
१. थोरल्याने माफी आधी कोणाकडे मागायला हवी होती? का?
२. खरा कंगाल कोण?
३. अबू बक्रांनी कसम का सोडली?
४. तुमचे कोणाशी बोलणे बंद आहे का? त्याला चार ओळींचे पत्र लिहा. आपल्या हाताने लिहा.