सायकलचा दिवा आणि चाकातला डायनामो

थंडीचे दिवस आले की अंधार लवकर पडतो. मुंबईत जूनअखेर सूर्य सव्वासातच्या पुढे मावळतो. नोव्हेंबरअखेर तो सहालाच मावळतो. जानेवारीत सकाळी उगवायलाही त्याला सव्वासात वाजतात. म्हणजे जो कामगार सात वाजता सायकलवर बसून घरी निघतो, तो जूनमध्ये उजेडात निघतो आणि थंडीत काळोखात.

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही मुंबईची उपनगरे. तिथे आजही कितीतरी माणसे सायकलवर पोट भरतात. पाववाला, दूधवाला, पेपर टाकणारा, रात्रपाळीचा पहारेकरी. कोणी पहाटे चारला निघतो, कोणी रात्री दहाला परततो. तुमच्या घरचाही एखादा माणूस त्यांत असेल. हा पाठ तुम्ही वाचा आणि तो गावी आला म्हणजे त्याला वाचून दाखवा. गावच्या रस्त्यालाही हेच लागू आहे.

दिवा कशासाठी?

“रस्त्यावर दिवे आहेत. मग सायकलला दिवा कशाला?” असे पुष्कळजण म्हणतात. पण सायकलच्या दिव्याची कामे दोन. एक, आपल्याला खड्डा दिसावा. दुसरे, आपण दुसऱ्याला दिसावे. यांत दुसरे काम मोठे.

एक हिशेब करून बघा. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारा ट्रक एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे येतो. ड्रायव्हरने आपल्याला बघावे आणि पाय ब्रेकवर न्यावा, एवढ्यातच एखादा सेकंद जातो. मग ब्रेक लागून गाडी थांबायला आणखी जागा लागते. काळी सायकल आणि मळखाऊ कपडे अंधारात दिसत नाहीत. गोरेगावहून आरे कॉलनीतून पवईकडे जाणारा रस्ता झाडीतला आहे. अशा रस्त्यावर मागचा लाल दिवा दुरूनच सांगतो, “पुढे माणूस आहे, सांभाळा.”

म्हणून नेम लक्षात ठेवा. पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा.

पूर्वी सायकलला दिवा नसला की पोलीस अडवीत आणि दंड करीत. मग लोक काय करीत? पोलीस दिसला की खाली उतरून सायकल हातात धरून चालत. पोलीस फसला खरा, पण ट्रकला कोण फसवणार?

चाकात वीज कशी होते?

इंग्लंडात मायकेल फॅरडे नावाचा मोठा शास्त्रज्ञ होऊन गेला. तो लोहाराचा मुलगा. लहानपणी तो पुस्तके बांधणाऱ्याच्या दुकानात काम शिकत होता. बांधायला आलेली पुस्तके वाचून तो शहाणा झाला. १८३१ साली त्याने दाखवून दिले की, तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलवला की तारेत वीज वाहू लागते. डायनामोची सारी करामत एवढीच.

बाटलीसारखा डायनामो तुम्ही पाहिला असेल. त्याचे डोके टायरला घासून फिरते. तो स्वस्त असतो. पण पावसात टायर ओले झाले की तो घसरतो आणि दिवा मंदावतो. टायरही झिजते.

दुसरा डायनामो चाकाच्या तुंब्यातच असतो. सायकलवाले तुंब्याला हब म्हणतात. बैलगाडीचा आस जागेवर राहतो आणि चाक त्याच्याभोवती फिरते, तसेच इथे आहे. मधल्या आसावर तारेचे वेटोळे बसवलेले असते, ते फिरत नाही. तुंब्याला आतून लोहचुंबक लावलेले असतात, ते चाकाबरोबर फिरतात. झाली वीज तयार! पाऊस असो, चिखल असो, हा डायनामो घसरत नाही, कारण तो कशाला घासतच नाही.

असे हब इंग्लंडात १९३० नंतरच्या दहा वर्षांत विकले जाऊ लागले. ते साधारण ६ व्होल्ट, ३ वॅट वीज देते. जुन्या बल्बला तेवढ्यात पिवळट उजेड पडे. आताचा एलईडी दिवा तेवढ्याच विजेत लख्ख लागतो. सेल भरायला नको, चार्ज करायला नको. दिवा घरी विसरला, असेही होत नाही.

पण फुकट काहीच नसते. ही वीज आपल्याच पायांच्या जोरातून होते. मात्र भार थोडाच पडतो. हब महाग असते आणि त्यासाठी पुढचे चाक नव्याने बांधावे लागते. सायकल थांबली की वीजही थांबते. म्हणून सिग्नलला उभे असतानाही काही मिनिटे जळत राहील, असा दिवा मागून घ्यावा. एवढा खर्च झेपत नसेल, तर बाटलीचा डायनामो किंवा सेलचा दिवा लावा. पण दिव्याशिवाय जाऊ नका.

एवढे करा

१. निघण्यापूर्वी चाक उचलून फिरवा. दोन्ही दिवे लागतात का बघा.
२. दिवा लागत नसेल, तर आधी तारा बघा. पुष्कळदा तार सुटलेली किंवा गंजलेली असते.
३. पुढचा दिवा जरा खाली झुकवा. तो समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये.
४. मागचा दिवा पावाच्या करंडीने किंवा दुधाच्या किटलीने झाकू देऊ नका. ओझे मोठे असेल, तर दिवा खाली मडगार्डवर लावा.
५. लाल चकाकती चकती मागे लावाच. दिवा बंद पडला, तरी मोटारीच्या उजेडात ती चमकते.

दिव्याला पैसे पडतात हे खरे. पण घरी वाट बघणाऱ्यांना विचारा, आपल्या माणसाचे मोल केवढे!

प्रश्न

१. सायकलच्या दिव्याची दोन कामे कोणती?
२. हबमध्ये काय फिरते आणि काय जागेवर राहते?
३. तुमच्या घरच्या सायकलला मागे लाल दिवा आहे का? आज बघून या.