मृदंग कोणासाठी वाजवावा?

मनोरीच्या खाडीत वल्ही मारताना एकाने जोर दाखविण्यासाठी वेगळाच हात टाकला, की होडी फिरते. भजनातही तेच. मृदंगाला कणीक लावली, सूर जुळविला, हात तयार आहे, म्हणून आपण चरणाच्या मधेच तिहाई मारतो. टाळकरी अडखळतात आणि अभंगाचा शब्द बुडतो. मग आपला म्हणून काही नाद नकोच काय? तसे आम्ही म्हणत नाही. पंडित भीमसेन जोशींचा (१९२२–२०११) आवाज अभंगातही लगेच ओळखू येई. पण ती मैफल ऐकणाऱ्यांची. आपल्याकडे ऐकणाराच धृपद उचलतो. त्याला ते उचलता तर आले पाहिजे! तेव्हा चरण चालू असता ठेका सरळ ठेवावा. धृपदावर टाळ चढले, की हात खुशाल मोकळा सोडावा.