ठसा म्हणजे साक्ष



डहाणू तालुक्यातील चिंचणी, वरोर, वाढवण या किनारी गावांत घराघरांतून हातोडीचा बारीक, एकसारखा आवाज ऐकू येतो. हा डायमेकिंगचा गृहउद्योग होय. सोन्याचांदीचे दागिने ज्या पोलादी ठशांवर घडतात, ते ठसे येथील कारागीर हाताने कोरतात. अशाच ठशांच्या जोडीने सोन्याची लहान नाणीही पाडता येतात. या कामात धर्माची शिकवण कोठे येते, याचा आज आपण विचार करू.

प्रथम कृती समजून घ्या. पोलादाच्या ठोकळ्यावर नक्षी व अक्षरे उलटी कोरली जातात. मग तो ठोकळा तापवून त्याला पाणी दिले जाते, म्हणजे तो कठीण होतो. सोने मुशीत वितळवून त्याचा पत्रा काढतात, पत्र्यातून गोल चकती कापतात आणि ती तोलतात. चकती तापवून मऊ केली की खालच्या व वरच्या ठशांमध्ये ठेवून घणाचा एक सरळ घाव घालतात. उलटे कोरलेले अक्षर सोन्यावर सुलटे उमटते. घाव तिरका बसला तर छाप दुहेरी होतो व नाणे पुन्हा वितळवावे लागते.

आता नाण्यावर काय लिहिले आहे ते पाहा : वजन आणि शुद्धता. हे दोन आकडे म्हणजे शोभा नव्हे, ती साक्ष आहे. तलासरीच्या एखाद्या मजुराने मुलीच्या लग्नासाठी वर्षभर पैसे साठवून एक ग्रॅमचे नाणे घेतले, असे समजा. त्याच्याजवळ कसोटीचा दगड नाही, सूक्ष्म काटाही नाही. तो केवळ छापावर विश्वास ठेवतो. नाण्यावर 22 कॅरेट, म्हणजे हजारात 916 भाग, असे लिहिले आणि आत 18 कॅरेटचे, म्हणजे 750 भागांचे सोने घातले, तर प्रत्येक ग्रॅममागे 166 मिलिग्रॅम शुद्ध सोने त्या गरिबाच्या पदरातून काढून घेतले गेले. त्याला हे कळेल ते नाणे मोडायला नेईल त्या दिवशी, म्हणजे बहुधा घरात अडचण असेल तेव्हाच.

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारात धान्याच्या ढिगाजवळ थांबले. त्यांनी ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला की धान्य पावसाने भिजले आहे. ओले धान्य वर का ठेवले नाही, असे प्रेषितांनी (स.) विचारले आणि फसविणारा आपल्यातला नव्हे, असे बजावले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. नाण्याची गोष्ट याहून कठीण आहे, कारण धान्याच्या ढिगात ग्राहकाला हात घालता येतो, नाण्यात घालता येत नाही. म्हणूनच ज्याच्या हाती ठसा, त्याच्यावर जबाबदारी अधिक. मापात मारणाऱ्यांच्या विनाशाची वार्ता देणारी सूरह मुतफ्फिफीन कारागिरानेही वाचावी.

इतिहासही हेच सांगतो. प्रेषितांच्या (स.) काळी अरबस्तानात रोमी दीनार व इराणी दिरहम चालत. हिजरी 77 मध्ये (इ.स. 696-97) खलीफा अब्दुल मलिक बिन मरवान यांनी चित्राविना, केवळ अक्षरांचा सोन्याचा दीनार काढला. त्याचे वजन सुमारे 4.25 ग्रॅम होते. त्यावर अल्लाहच्या एकत्वाची साक्ष कोरलेली होती. ज्या धातूवर अशी साक्ष आहे, त्याचे वजन खोटे असून कसे चालेल?

या कामाशी संबंधित काही नियम ध्यानात ठेवा.

1. दुसऱ्याचे चिन्ह कोरू नये. परवान्याविना हॉलमार्कचे चिन्ह वापरणे हा कायद्याने गुन्हा आहे. चलन म्हणून वापरण्यासाठी खासगी नाणे पाडण्यासही मनाई आहे. जुन्या मोहरेची नक्कल करून ती जुनी म्हणून विकणे ही फसवणूक होय. “मी फक्त ठसा केला, विकले दुसऱ्याने” ही सबब पुरेशी नाही. हेतू ठाऊक असताना ठसा देणे म्हणजे पापात सहकार्य करणे, आणि कुरआनने त्याला मनाई केली आहे.

2. ग्राहकाने दिलेले सोने ही अमानत आहे. कातरण व चुरा त्याचाच. मजुरी आधी ठरवावी आणि रोख घ्यावी. घट धरण्याची रीत असेल तर ती आधीच उघड सांगावी.

3. जुना दागिना देऊन वजनात कमी-जास्त नाणे थेट घेऊ नये. सोन्याच्या बदल्यात सोने समान वजनाचे व हातोहात असावे. वाढ घेणे हे व्याज ठरते. खैबरच्या खजुरांबाबत प्रेषितांनी (स.) मार्ग दाखविला : हलका माल रोख विका आणि त्या पैशांतून चांगला घ्या. सोन्यातही तसेच करावे.

4. जकात विसरू नये. सोन्याचा निसाब वीस मिस्काल; त्याचे वजन कोणी 85 ग्रॅम, तर भारतातील बहुतेक उलमा साडेसात तोळे, म्हणजे 87.48 ग्रॅम मानतात. निसाबाइतके सोने वर्षभर राहिले की चाळिसावा भाग द्यावा. कोकणातील शाफई कुटुंबांत स्त्रीच्या अंगावरील नित्याच्या दागिन्यांना सूट मानतात, परंतु पेटीत साठविलेली नाणी दागिना नव्हेत. ती मोजावीच लागतात. बांगडीची सवलत नाण्याला लावू नका.

आज घरातील एखादे नाणे हातात घ्या. ते तुम्ही पाडले असेल, विकले असेल किंवा विकत घेतले असेल. स्वतःला विचारा : यावर लिहिलेला प्रत्येक शब्द खरा आहे का? यावरील हक्क देऊन झाला का? ठशात अक्षर उलटे असते आणि सोन्यावर ते सुलटे दिसते. मनात उलटे ठेवून जगाला सुलटे दाखविणाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी. त्याचे खरे रूप आखिरतमध्ये उघड होईल.

अल्लाह आपल्या हातांना कसब देवो आणि त्या कसबाला सचोटी देवो. आमीन.