अहवाल येईपर्यंत
प्रश्न : बाबांना (वय ६८) दोन महिने खोकला आहे. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉत) छातीचा सीटी स्कॅन झाला, अहवाल सोमवारी मिळेल. रात्री ते खोकले की मी उठते आणि मोबाइलवर शोधत बसते. काय करू? – एक वाचक, हळर्ण

उत्तर : ताई, अंधारात बाबांचा श्वास ऐकत राहणं ही माया आहे, ती आवरा असं मी म्हणणार नाही. मोबाइल मात्र रात्री दुसऱ्या खोलीत ठेवा. फुप्फुसावर डाग दिसला म्हणजे कर्करोगच, असं नसतं. बऱ्या झालेल्या क्षयाचा व्रण, न्यूमोनिया यांचेही डाग उमटतात. ६ मिलिमीटरहून लहान गाठी तर बहुतेक निरुपद्रवीच निघतात.

रेडिओलॉजिस्ट स्कॅनचे शेकडो छेद पाहतात, जुन्या एक्स-रेशी ताडतात. म्हणून बाबांचा जुना एक्स-रे कपाटात असेल तर आजच शोधून पिशवीत घाला. वहीत लिहून ठेवा : डाग आहे का, केवढा? पूर्वी होता का? पुढची तपासणी कोणती?

बाबांपासून काळजी लपवू नका. त्यांना तुमचा चेहरा वाचता येतो. सकाळी पेज वाढताना सरळ विचारा, "बाबा, तुम्हाला कसली भीती वाटते?" मग फक्त ऐका.

खोकल्यातून रक्त आलं किंवा धाप वाढली तर सोमवारची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. तुमचीच झोप उडाली असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास मोफत बोलता येतं. आणि सोमवारी सोबत कुणाला तरी न्याच. घाबरल्यावर डॉक्टरांचं निम्मं बोलणं कानावरून जातं.