टीसी आली, पण भंगाराचा हिशेब कुठे?

मुलुंड-बोरिवलीत सोसायटीची जुनी इमारत पडली की तिच्या सळ्या भंगारात जातात आणि कुठल्यातरी भट्टीत वितळतात. ते भंगार आपल्या नव्या इमारतीच्या पोलादात मोजलं जात नाही. 'लीड' किंवा 'आयजीबीसी'च्या हरित प्रमाणपत्रासाठी भंगाराचे गुण हवे असतील, तर विकत घेतलेल्या नव्या पोलादात किती भंगार आहे हे कागदावर दाखवावं लागतं.

नेमके कोणते कागद?

स्टॉकिस्ट देतो ती टीसी (मिलचं टेस्ट सर्टिफिकेट) पुरत नाही. तिच्यावर हीट नंबर (भट्टीतल्या घाण्याचा क्रमांक), रासायनिक घटक आणि ताकद असते. भंगाराचं प्रमाण सहसा नसतं. म्हणून तीन कागद एकत्र ठेवा:

1. मिलचं सहीशिक्क्याचं पत्र. वापरून झालेलं भंगार (जुन्या इमारती, गाड्या, जहाजं) आणि इतर कारखान्यांची कातरण, दोन्हींची टक्केवारी वेगवेगळी हवी. मिलचं स्वतःचं, त्याच प्रक्रियेत परत जाणारं भंगार आयएसओ 14021 नुसार मोजत नाहीत.
2. टीसी. तिचा हीट नंबर बंडलवरच्या टॅगशी जुळवून घ्या.
3. बिल आणि चलन. त्यावर मिलचं नाव आणि वजन असावं.

भंगाराचा वाटा रुपयांत मोजतात

'लीड'मध्ये वापरून झालेलं भंगार पूर्ण आणि कातरण निम्मी धरतात. समजा, पोलाद 1 कोटीचं आहे. पत्रात 60 टक्के भंगार, 20 टक्के कातरण. 60 अधिक 10, म्हणजे 70 लाख रुपये हिशेबात येतात. 'लीड'च्या 2009 च्या आवृत्तीत पत्र नसलं तरी पोलादाला 25 टक्के धरायची मुभा होती. म्हणजे 25 लाख. एका पत्राने 45 लाखांचा फरक पडतो. नव्या आवृत्तीत या सवलतीवर विसंबू नका.

खर्च कुठे येतो?

ऑर्डरमध्येच अट घातली, तर पत्राचे वेगळे पैसे पडायचं कारण नाही. नंतर मागितलं की अडतं: कळंबोलीच्या पोलाद बाजारातल्या गोदामात एकाच मापाचा माल अनेक मिलचा असतो. हरित प्रमाणपत्राच्या सल्लागाराच्या फीमध्ये कागद गोळा करणं धरलंय का, हे लेखी विचारा. फीवर 18 टक्के जीएसटी धरा.

दोन गैरसमज

जालन्याच्या इंडक्शन भट्ट्यांत भंगारासोबत स्पंज आयर्नही (खनिजापासून बनवलेलं लोखंड) वितळतं. 100 टक्के भंगार गृहीत धरू नका. पोलाद मंत्रालयाने डिसेंबर 2024 मध्ये ठरवलेले 'हरित पोलादा'चे तारे कार्बन उत्सर्जनाचे आहेत, भंगाराचे नव्हेत.

ऑर्डरमध्ये हे वाक्य घाला

"प्रत्येक खेपेसोबत हीट नंबरसह टीसी आणि भंगाराच्या प्रमाणाचं मिलचं पत्र द्यावं, त्याशिवाय अंतिम बिल चुकतं होणार नाही."